चाचणी उत्तीर्ण, पण प्रश्न कोणता होता?

बाजारातून घरी येणाऱ्या बहुतेक वस्तूंवर आज कसली ना कसली मोहोर असते. कुकरवर आयएसआयचा शिक्का, फ्रिजवर तारे, दागिन्यावर हॉलमार्क, खाद्यपदार्थाच्या पाकिटावर परवाना क्रमांक, आणि कधी कधी नुसतीच ‘प्रयोगशाळेत तपासलेले’ अशी एक मोघम ओळ. ग्राहक मोहोर पाहतो आणि निर्धास्त होतो. कोणा शास्त्रज्ञाने ही वस्तू आधीच पाहिलेली आहे, तेव्हा आता आपण पाहायचे काही कारण उरले नाही, असा त्यामागचा हिशेब असतो.

या चाचण्या खोट्या असतात असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. बहुतेक चाचण्या प्रामाणिकपणे आणि मेहनतीने केल्या जातात. आमचा आक्षेप वेगळा आहे. प्रत्येक चाचणी वस्तूला एक नेमका प्रश्न विचारते आणि तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर मिळवते. वेष्टनावर मात्र उत्तर छापले जाते, प्रश्न छापला जात नाही. त्यामुळे ‘या प्रश्नात उत्तीर्ण’ याचा अर्थ आपण ‘सर्व बाबतींत चांगले’ असा करून घेतो. शिक्षकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. प्रश्नपत्रिका काय विचारते यावर गुणांचा अर्थ ठरतो, आणि तीच प्रश्नपत्रिका दरवर्षी येऊ लागली तर विद्यार्थी विषय सोडून प्रश्नपत्रिकेचाच अभ्यास करू लागतात, हा तर त्यांचा रोजचा अनुभव. वस्तूंच्या बाबतीत हेच कसे घडते ते काही उदाहरणांवरून पाहू.

मध : थेंबापासून चुंबकापर्यंत

सुरुवात आपल्याच वर्गापासून करू. अन्नभेसळ ओळखण्याच्या प्रात्यक्षिकात मधाची एक चाचणी हमखास असते. ग्लासभर पाण्यात मधाचा थेंब सोडायचा. तो न पसरता तळाशी गेला तर मध शुद्ध, वाटेतच विरला तर भेसळीचा. दुसरी चाचणी वातीची. कापसाची वात मधात बुडवून पेटवायची. नीट जळली तर शुद्ध, तडतडली तर पाणी मिसळलेला. निकाल हाताशी लगेच येतो, म्हणून मुलांना दोन्ही प्रयोग आवडतात.

पण थेंब तळाशी का जातो? मधाची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट असते म्हणून. तो पसरत का नाही? मध दाट, म्हणजे श्यान असतो म्हणून. तेव्हा या चाचणीचा खरा प्रश्न ‘हा मध आहे का?’ असा नसून ‘हा पदार्थ जड आणि दाट आहे का?’ असा आहे. साखरेचा घट्ट पाक किंवा काकवी यांचे उत्तरही ‘हो’ असेच येते. वातीची चाचणी पाण्याचा अंश विचारते, साखर कोठून आली हे विचारत नाही. मधात पाणी घालणारा भेसळखोर या चाचण्यांत सापडतो. पाक घालणारा सापडत नाही, आणि आजचा भेसळखोर पाकच घालतो.

प्रयोगशाळा यापुढे जाते. मधातील पाण्याचा अंश २० टक्क्यांहून अधिक नको, तापवल्याने किंवा जुना झाल्याने वाढणारा एचएमएफ नावाचा पदार्थ किलोला ८० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, अशा मर्यादा भारतीय मानकात आहेत. पण साखर फुलातून आली की कारखान्यातून, हे शोधण्याची खरी युक्ती कार्बनच्या समस्थानिकांत आहे, आणि ती अकरावी-बारावीच्या वर्गात सांगण्याजोगी आहे.

निसर्गातील कार्बनपैकी सुमारे १.१ टक्का कार्बन-१३ हा जड समस्थानिक असतो. प्रकाशसंश्लेषण करताना वनस्पती हा जड कार्बन थोडासा टाळतात. भात, गहू, बीट, बहुतेक वृक्ष आणि फुलझाडे सी-३ गटातील. ती तो अधिक टाळतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी ही सी-४ गटातील पिके तो कमी टाळतात. जगभर मान्य असलेल्या एका प्रमाणाशी तुलना केली, तर सी-३ वनस्पतींत कार्बन-१३ हजारी सुमारे २५ ने कमी भरतो आणि ऊस-मक्यात हजारी सुमारे १० ते १२ ने कमी. महाबळेश्वरच्या मधमाश्या ज्या जांभळाच्या, हिरड्याच्या, कारवीच्या फुलांवर जातात ती सारी सी-३ गटातील. अशा मधात उसाची साखर किंवा मक्याचा पाक मिसळला, की कार्बन-१३ चे प्रमाण वाढते आणि भेसळ उघडी पडते.

यात आणखी एक सुंदर कल्पना आहे. मधात अल्प प्रमाणात प्रथिने असतात. पाक मिसळला तरी या प्रथिनांतला कार्बन बदलत नाही. म्हणून प्रथिनांचा आकडा आणि संपूर्ण मधाचा आकडा यांची तुलना करायची. दोहोंत हजारी १ हून अधिक फरक पडला तर भेसळ समजायची. मधाला त्याच्याच विरुद्ध साक्षीला उभे करायचे, असा हा प्रकार. मात्र इथे थोडे गणित करावे. मध आणि उसाची साखर यांत हजारी सुमारे १५ चा फरक आहे. तेव्हा १ चा फरक पडण्यासाठी पंधरावा भाग, म्हणजे सुमारे ७ टक्के साखर मिसळावी लागेल. याहून कमी भेसळ ही चाचणी पाहूच शकत नाही. चाचणीचे डोळे किती तीक्ष्ण आहेत, हा आकडा आपल्याला बाटलीवर कधी दिसत नाही.

पुढची गोष्ट अपेक्षितच आहे. भेसळ करणाऱ्यांनीही वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला. भात आणि बीट सी-३ गटातले, मग पाक त्यांचाच करावा! तांदळाचा पाक मिसळला की समस्थानिकांची चाचणी आंधळी होते. मग तांदळाच्या पाकात सापडणारी विशिष्ट रसायने शोधणाऱ्या चाचण्या आल्या, आणि त्यांनाही चकवणारे पाक आले.

२ डिसेंबर २०२० रोजी दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने आपल्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. बाजारातील १३ ब्रँडचे मध संस्थेने आधी गुजरातेतल्या आणंद येथील प्रयोगशाळेत भारतीय मानकांनुसार तपासून घेतले. बहुतेक मोठे ब्रँड त्यात उत्तीर्ण झाले. मग तेच नमुने जर्मनीतील प्रयोगशाळेत अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या, म्हणजे एनएमआरच्या चाचणीसाठी पाठवले. सगळ्या चाचण्यांत टिकले ते फक्त ३ ब्रँड.

यावर मोठा वाद झाला. कंपन्यांचा आक्षेप असा की एनएमआर चाचणी नमुन्याची तुलना संग्रहातील हजारो अस्सल मधांशी करते. त्या संग्रहात भारतीय फुलांचे मध पुरेसे नसतील, तर आमचा अस्सल मधही परका ठरेल. हा आक्षेप आम्हाला शास्त्रीयदृष्ट्या रास्त वाटतो. तुलनेवर आधारलेली कोणतीही चाचणी तिच्या संग्रहाइतकीच चांगली असते. ‘संग्रहातल्यांसारखा नाही’ आणि ‘भेसळीचा आहे’ ही दोन विधाने एक नव्हेत.

पण त्याच तपासातील दुसऱ्या एका भागाकडे वादाच्या धुरळ्यात पुरेसे लक्ष गेले नाही, आणि आमच्या मते वजनदार पुरावा तोच आहे. संस्थेने शुद्ध मधात स्वतः २५ टक्के आणि ५० टक्के पाक मिसळून ते नमुने तपासायला दिले. ते भारतीय मानकांच्या चाचण्यांत शुद्ध म्हणून उत्तीर्ण झाले. इथे संग्रहाचा प्रश्नच येत नाही. उत्तर आधीच ठाऊक असलेला नमुना होता आणि चाचणीने ते उत्तर चुकवले. निम्मा पाक असलेला पदार्थ ज्या चाचणीला मध वाटतो, त्या चाचणीत मोठे ब्रँड उत्तीर्ण झाले यातून काय सिद्ध होते? काहीच नाही. ते ब्रँड भेसळीचे आहेत असेही यातून सिद्ध होत नाही. एनएमआर चाचणी १ ऑगस्ट २०२० पासून निर्यातीच्या मधासाठी सक्तीची झाली होती. देशातल्या ग्राहकासाठी ती त्या वेळी सक्तीची नव्हती, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

गाडीला परीक्षेचा वास येतो

मधाला आपली परीक्षा चालू आहे हे कळत नाही. संगणक बसवलेल्या वस्तूला ते कळू शकते.

मोटारीच्या धुराची पारंपरिक चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी एका खोलीत रुळांवर उभी करतात. चाके जागच्या जागी फिरतात आणि चालक पडद्यावरच्या आलेखानुसार वेग कमीजास्त करतो. युरोपात अनेक वर्षे वापरलेला आलेख ११८० सेकंदांचा आणि सुमारे ११ किलोमीटरचा होता. आपल्याकडचा आलेख त्याच्यावरूनच बेतलेला, फक्त कमाल वेग ताशी ९० किलोमीटर ठेवलेला. गाड्यांच्या जाहिरातींत पुण्याच्या एआरएआय या संस्थेचे नाव घेऊन जो मायलेजचा आकडा छापला जातो, तो अशाच आलेखावर मिळालेला. रस्त्यावर तो मिळत नाही म्हणून लोक संस्थेला नावे ठेवतात. त्यात संस्थेची चूक नसते. गाडीला विचारलेला प्रश्न ‘या आलेखावर तू किती इंधन पितेस?’ एवढाच असतो. सगळ्या गाड्यांना एकच प्रश्न विचारल्यामुळे त्यांची आपसांत तुलना करता येते, आणि ती उपयोगाची असते. सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीबद्दल त्या आकड्याला काही विचारलेलेच नसते.

असा ठरीव प्रश्न दरवर्षी ठरीव पद्धतीने विचारला की काय होते, ते २०१५ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीला नोटीस बजावली. कंपनीच्या डिझेल गाड्यांतील संगणकीय आज्ञावली स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन चालू असल्याचा काळ आणि हवेचा दाब यांवरून ‘परीक्षा चालू आहे’ हे ओळखत असे. परीक्षेपुरती धुराची शुद्धी पूर्ण चाले. रस्त्यावर आल्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत बाहेर पडत. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही आज्ञावली होती.

ही लबाडी सापडली कशी, ते आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील अभियंत्यांनी मोजणीची यंत्रे गाडीतच ठेवली आणि गाड्या रस्त्यावर चालवल्या. यंत्रे अधिक अचूक नव्हती. खोलीतली मोजणी रस्त्यावरच्या मोजणीपेक्षा नेहमीच नेटकी असते. बदलला होता तो प्रश्न. पुढे युरोपने २०१७ पासून आणि भारताने २०२३ पासून रस्त्यावरील मोजणी नियमांत आणली.

शिशाचे दोन आकडे

तिसरे उदाहरण मॅगीचे. उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे २०१४ मध्ये घेतलेल्या नमुन्यात कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेला दशलक्ष भागांत १७.२ भाग शिसे आढळले. मर्यादा होती २.५ भागांची. ५ जून २०१५ रोजी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभर विक्री थांबवण्याचा आदेश दिला. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. कंपनीला म्हणणे मांडण्याची नीट संधी मिळाली नाही, आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी आधारलेली होती त्यांना कायद्याला आवश्यक अशी मान्यता नव्हती, ही कारणे न्यायालयाने दिली. मोहाली, हैदराबाद आणि जयपूर येथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली. शिसे मर्यादेच्या आत निघाले. नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा दुकानांत आली.

लोकांनी या प्रकरणातून आपापल्या कलाप्रमाणे बोध घेतला. कोणी म्हणाले, कंपनीने सगळ्यांना विकत घेतले. कोणी म्हणाले, सरकारी प्रयोगशाळांना काही येत नाही. आम्हाला विचाराल तर दोन शास्त्रीय प्रश्न विचारायचे राहून गेले.

पहिला प्रश्न : दोन चांगल्या प्रयोगशाळांच्या निकालांत किती फरक पडणे स्वाभाविक आहे? अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ विल्यम हॉरविट्झ यांनी याचा मोठा अभ्यास केला आणि १९८० च्या सुमारास एक साधे सूत्र मांडले. पदार्थाचे प्रमाण जितके कमी, तितका प्रयोगशाळा-प्रयोगशाळांतील फरक मोठा. दशलक्षात एक भाग मोजताना हा प्रमाणित फरक सुमारे १६ टक्के येतो, दशलक्षात २.५ भाग मोजताना सुमारे १४ टक्के. म्हणजे एकाने २.३ आणि दुसऱ्याने २.७ सांगितले तर दोघेही कदाचित बरोबर असतील, आणि तरीही एकाच्या मते माल उत्तीर्ण व दुसऱ्याच्या मते अनुत्तीर्ण! पण १७.२ हा आकडा मर्यादेच्या जवळजवळ सातपट आहे. एवढा फरक या सूत्रात बसत नाही. मग एकतर नमुने खरोखरच वेगळे होते, किंवा नमुना हाताळताना बाहेरून शिसे आले, किंवा मोजणी चुकली. तिघांपैकी काय झाले हे शोधण्याचा मार्ग एकच. तोच नमुना, सीलबंद, अनेक प्रयोगशाळांना न सांगता वाटायचा. फेरतपासणीत तपासलेली पाकिटे बाराबंकीची नव्हती. त्यामुळे पहिल्या आकड्याचे कोडे सुटले नाही, ते नुसतेच बाजूला पडले.

दुसरा प्रश्न : तपासायचे काय? नुसता मसाला, की मसाला आणि शेवया एकत्र? समजा ६ ग्रॅम मसाल्यात दशलक्षात १० भाग शिसे आहे आणि ६४ ग्रॅम शेवयांत अजिबात नाही. मसाला वेगळा तपासला तर तो मर्यादेच्या चौपट भरेल. एकत्र तपासला तर ६० मायक्रोग्रॅम शिसे ७० ग्रॅममध्ये विभागले जाईल आणि प्रमाण ०.८६ येईल, म्हणजे सुखरूप उत्तीर्ण. पाकीट तेच, मुलाच्या पोटात जाणारे शिसेही तेवढेच. हे आकडे आमच्या कल्पनेतले आहेत, पण ही निवड खरी आहे, आणि ती प्रयोगशाळेत होत नाही, नियम लिहिणाऱ्याच्या टेबलावर होते.

पंचवीस हजार तास

एलईडी दिव्याच्या खोक्यावर ‘आयुष्य २५,००० तास’ असे असते. रात्रंदिवस जाळला तरी जवळजवळ तीन वर्षे. बाजारात येण्यापूर्वी तीन वर्षे दिवा कोण जाळून बघणार? रूढ पद्धत अशी. दिव्यातील प्रकाश देणाऱ्या एलईडीचा नमुना किमान ६,००० तास जाळतात, प्रकाश किती मंदावत जातो ते मोजतात आणि त्यावरून पुढचा आलेख काढतात. जेवढे तास प्रत्यक्ष मोजले त्याच्या जास्तीत जास्त सहापटीपर्यंतच आकडा सांगण्याची मुभा असते. प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर आला की आयुष्य संपले असे धरतात.

पद्धत वाजवी आहे. पण यात जाळून पाहिली ती एलईडी, अख्खा दिवा नव्हे. घरातला दिवा अनेकदा जातो तो त्याच्या बुडातील विद्युतमंडलामुळे. बंदिस्त झुंबरातली उष्णता आणि विजेच्या दाबातील चढउतार तिथले कपॅसिटर आधी मारतात. दिवा आठ महिन्यांत गेला आणि खोक्यावरचा आकडाही खोटा नाही, हे दोन्ही एकाच वेळी शक्य आहे. फ्रिजच्या ताऱ्यांचेही तसेच. त्याच्या विजेची मोजणी दार बंद ठेवून होते. आपल्या घरात ते उन्हाळ्यात किती वेळा उघडते, हे मुलांना मोजायला सांगावे.

मग करावे काय?

चाचण्यांवरचा विश्वास उडावा म्हणून आम्ही हे लिहिलेले नाही. विश्वास उडाला की माणूस शास्त्राकडे जात नाही, जाहिरातीकडे किंवा अफवेकडे जातो. आमची मागणी साधी आहे. उत्तराबरोबर प्रश्नही सांगा. कोणत्या पद्धतीने तपासले, किती नमुने तपासले, ते कारखान्याने पाठवले की दुकानातून विकत आणले, आणि आकड्यात कमीजास्त किती धरायचे. अमेरिकेतील कंझ्युमर्स युनियन ही संस्था १९३६ पासून सामान्य गिऱ्हाईक म्हणून दुकानातून वस्तू विकत घेऊन तपासत आली. आपल्याकडे अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने स्वतःची प्रयोगशाळा उभारून तुलनात्मक चाचण्या छापल्या. पद्धती आणि आकड्यांसह निकाल छापणे अशक्य नाही, हे यावरून दिसते. जी प्रयोगशाळा लोकांच्या अन्नाबद्दल निर्णय देते, तिला उत्तर ठाऊक असलेले नमुने गुपचूप पाठवून तिचे निकाल दरवर्षी जाहीर करायला काय हरकत आहे? परीक्षकाचीही परीक्षा घेतली जावी.

हे सगळे शासनावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या प्रात्यक्षिकाच्या वहीतही ‘थेंब तळाशी बसला, म्हणून मध शुद्ध आहे’ असे वाक्य दरवर्षी लिहिले जाते आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. पुढच्या वेळी मधाच्या ग्लासाशेजारी आणखी तीन ग्लास ठेवावेत. एकात पाणी घातलेला मध, दुसऱ्यात साखरेचा घट्ट पाक, तिसऱ्यात काकवी. कोणत्या ग्लासात काय सोडले जाणार हे फक्त शिक्षकाला माहीत असावे. मुलांनी निकाल लिहावेत, मग उत्तरे सांगावीत आणि कोणती भेसळ पकडली गेली, कोणती सुटली याचा तक्ता फळ्यावर मांडावा. शेवटी वहीत निष्कर्ष लिहायला सांगावा तो असा : ‘या चाचणीने पाणी मिसळलेला मध ओळखता येतो. पाक मिसळलेला ओळखता येत नाही.’ या वाक्यालाही पूर्ण गुण द्यावेत.